उलट्या पावलांचा प्रोग्राम

हॉलंडात मी ज्या गावात राहायचो त्याचं नाव बेस्ट. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिथे राहून माझ्या हातून जे झालं त्याला ते नाव मुळीच शोभत नाही. मुंबईचा मामा फोनवर विचारायचा, "काय रे, अजून बसडेपोतच मुक्काम का?" पुण्यातली मावशी मात्र शेजारणींना अभिमानाने सांगायची की भाच्याने गावसुद्धा बेस्ट निवडलंय.

गावात पुण्या-मुंबईचे बरेच इंजिनियर होते. ते आसपासच्या कंपन्यांत पुढच्या वर्षी बाजारात येणाऱ्या वस्तूंवर काम करायचे. मी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बाजारातून गेलेल्या वस्तूंवर काम करायचो. शनिवारी कोणाच्या तरी घरी पावभाजीला जमलो की नवीन आलेला माणूस विचारायचा, "तुम्ही कुठल्या प्रोजेक्टवर?" मी म्हणायचो, "जुन्या फ्लॉप्या वाचतो." तो थोडा वेळ माझ्याकडे बघायचा आणि मग बायकोकडे वळून म्हणायचा, "वहिनी, तुम्ही कुठे असता?"

मी विद्यापीठात पीएच.डी. करत होतो. तिकडे पीएच.डी. करणारा विद्यार्थी नसतो, नोकर असतो. पगार मिळतो, रजा मिळते, आणि काम फसलं तर 'जाऊ दे, शिकतोय बिचारा' ही आपल्याकडची सोय मिळत नाही. माझा विषय असा: एका माणसाच्या टेबलावर मावेल असा कॉम्प्युटर पहिल्यांदा आला, तेव्हा विद्यापीठांतल्या लोकांनी त्या डबड्यांवर काय काय संशोधन केलं, ते आज पुन्हा चालवून बघायचं. कागदावर त्यांनी बरेच दावे केले होते. प्रोग्राम मात्र फ्लॉप्यांवर होते, आणि फ्लॉप्यांना बुरशी लागत होती.

यातला सगळ्यात मोठा दावा आमच्याच विभागातल्या एका निवृत्त प्राध्यापकांचा होता. तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते कधी जमलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढ्या उंच माणसाला नावाने हाक मारायची म्हटली की माझी जीभ टाळूला चिकटायची. मी 'सर' म्हणायचो. ते म्हणायचे, "आमच्या राणीने मला अजून तो किताब दिलेला नाही." तरी मी 'सर'च म्हणत राहिलो, आणि पुढेपुढे ते 'सर'ला ओ द्यायला लागले.

सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका छोट्या कॉम्प्युटरसाठी एक भाषा बनवली होती. तिची गंमत अशी, की प्रोग्राम चालता चालता चुकला तर तो जिथे चुकला तिथून मागे मागे चालत जायचा. पायरी पायरीने उलटा, अगदी पहिली चूक झाली तिथपर्यंत. माझ्या बायकोला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उलट्या पायांनी चालतं ते भूत." मोठ्या कॉम्प्युटरवर हे करता येत होतं. पण आजच्या मोबाईलमधला एक फोटोही ठेवता येणार नाही एवढ्याशा मेमरीत हे करणं तेव्हा अशक्य समजलं जायचं.

सरांनी ते एकदाच, पाहुण्यांसमोर चालवून दाखवलं. पाहुण्यांत उत्तरेकडच्या एका विद्यापीठातले तरुण प्राध्यापक होते. त्यांनी परत गेल्यावर एका लेखात लिहिलं की हा प्रोग्राम उलटा चालत नसावा; आधी साठवून ठेवलेल्या पायऱ्या उलट्या क्रमाने पडद्यावर दाखवल्या असाव्यात. म्हणजे सभ्य भाषेत, नाटक. सरांनी उत्तर लिहिलं, ते कोणी वाचलं नाही. मग विभागात मोठी यंत्रं आली, पैसा तिकडे गेला, आणि ते छोटं यंत्र तळघरात गेलं. सर पुढे कितीतरी वर्षं शिकवत राहिले, पण कुठल्याही संमेलनात त्यांची ओळख करून देताना कोणीतरी म्हणायचंच, "हे ते, उलट्या प्रोग्रामवाले," आणि ओठाच्या कोपऱ्यात हसायचं. ते हसू सरांनी निवृत्त होईपर्यंत सोसलं. निवृत्तीनंतर त्यांना एकच गोष्ट हवी होती: तो प्रोग्राम त्याच यंत्रावर, त्याच माणसासमोर पुन्हा चालावा.

हे काम माझ्याकडे आलं. आता तुम्ही म्हणाल, योग्य माणूस निवडला. तसं तेव्हा मलाही वाटत होतं.

यंत्र मी तळघरातून वर आणलं. फ्लॉपी ड्राइव्हचा पट्टा विरघळून गुळासारखा झाला होता, तो बदलला, आतलं सगळं पुसलं, कोऱ्या फ्लॉप्या लावून महिनाभर तपासलं. सरांच्या प्रोग्रामची एकच फ्लॉपी शिल्लक होती. ती त्यांच्या घरी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात होती आणि ते ती कोणाच्या हातात देत नव्हते. तिच्यावर माहिती लिहायची पद्धतही त्यांनी घरचीच शोधलेली, त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही यंत्राला ती वाचता येत नव्हती. ठरलं असं, की सर डबा घेऊन येतील, मी आधी फ्लॉपीची कॉपी काढीन, आणि मग सगळ्यांसमोर प्रोग्राम चालवायचा. उत्तरेकडचे ते प्राध्यापक आता माझ्या परीक्षक समितीत होते. त्यांना समितीत घेणं ही माझ्या मार्गदर्शक बाईंची करणी. बाईंचं म्हणणं, "ज्याला शंका आहे त्यालाच पुढच्या खुर्चीत बसवायचं."

तीन डच माणसांच्या डायऱ्या जुळायला दोन महिने लागतात. जो दिवस निघाला तो नेमका दसरा होता. मी खूश झालो. बायकोने विचारलं, "त्यांना माहितीये का, दसरा आहे ते?" म्हटलं, "त्यांना माहीत नाही म्हणून मुहूर्त थोडाच बदलतो?"

आदल्या दिवशी, रविवारी पुण्याहून आईचा फोन आला. माझे वडील कारखान्यात होते. खंडेनवमीला तिथली सगळी यंत्रं थांबायची, पुसली जायची, त्यांना हळदकुंकू लागायचं, झेंडूच्या माळा पडायच्या, आणि आम्हा पोरांना पेढे मिळायचे. आईने विचारलं, "तुझ्या यंत्राची पूजा केलीस का?"

"घरच्या कॉम्प्युटरची केली."

"घरच्या कॉम्प्युटरवर तुझं पोट चालतं का?"

"नाही. ते विद्यापीठात आहे."

"मग तिथे जा. उद्या एवढं मोठं काम आहे म्हणतोस, आणि त्याला दोन फुलं नाहीत. कशाला शिकलास एवढा?"

शेजारच्या डच आजींच्या वाफ्यात झेंडू होते. आजींनी विचारलं, कशाला हवेत, तर बायकोने सांगितलं, कॉम्प्युटरचा सण आहे. आजींनी चार फुलं जास्त दिली. आम्ही दोघं सायकलवरून विद्यापीठात गेलो. रविवार दुपार, विभागात चिटपाखरू नव्हतं.

माझी काटेकोर तयारी आता ऐका. निरांजन नाही, कारण छतावर धूर ओळखणारा डोळा बसवलेला. उदबत्ती नाही, त्याच कारणासाठी. पाणी नाही, पंचामृताचा तर प्रश्नच नाही. हळदकुंकवाचा डाग राहू नये म्हणून मी आधी स्क्रीनच्या कडेला पारदर्शक पट्टी चिकटवली आणि त्या पट्टीवर बोट टेकवलं. फुलं कागदी बशीत. आग, पाणी, तेल, डाग, सगळ्याचा विचार झाला होता.

"इतकी अक्कल तू इतर वेळी कुठे ठेवतोस?" बायको म्हणाली.

मग मी नमस्कार केला आणि अक्षता वाहिल्या. म्हणजे वाहायला हव्या होत्या. मी त्या लांबून, मंगलाष्टक संपल्यावर टाकतात तशा उधळल्या.

"अरे, लग्न लावतोयस का त्याचं?"

"चांगल्या मनाने टाकल्या की झालं."

कीबोर्डवरचे दाणे मी रंगाच्या ब्रशने एक एक करून वेचले. टेबल पुसलं. ड्राइव्हचं तोंड मी आत लावलेलं तेल मुरावं म्हणून आदल्या आठवड्यापासून उघडंच ठेवलं होतं. ते तेवढं तपासलं नाही. कारण सरळ आहे. यंत्राचं तोंड उघडं असताना नैवेद्य दाखवला तर ते खाईल, ही शंका आमच्या घराण्यात कोणालाच कधी आलेली नाही.

दसऱ्याला पाऊस होता. सर सायकलवरून आले, डबा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून मागच्या झोळीत. उत्तरेकडचे प्राध्यापक आगगाडीने आले. ते आता तरुण नव्हते. दोघे बऱ्याच वर्षांनी समोरासमोर आले होते.

"तुम्ही केस कमी केलेत," सर म्हणाले.

"मी नाही. त्यांनीच मला सोडलं."

दोघे हसले, आगगाड्यांच्या उशिराबद्दल बोलले, कॉफी प्यायले. बाईंनी प्रत्येकाला एक एक बिस्किट दिलं आणि आपला बिस्किटांचा डबा बंद केला. सरांची बशी मात्र तशीच राहिली. त्यांनी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला होता आणि ते माझ्या यंत्राकडे बघत होते. कडेला हळदकुंकवाची पट्टी मी तशीच ठेवली होती. त्यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "शुभेच्छा." त्यांनी मान हलवली.

कॉपी काढायचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता आणि मला त्याचा गर्व होता. जुन्या फ्लॉपीवरची एखादी जागा पहिल्या खेपेला वाचता येत नाही. माझा प्रोग्राम तिथे पुन्हा जायचा. पुन्हा, पुन्हा, वाचेपर्यंत. बाईंनी आधी एकदा विचारलं होतं, "किती वेळा प्रयत्न करतो?" मी छाती फुगवून म्हटलं होतं, "मिळेपर्यंत." शिवाय मध्येच कोणाचा हात चुकून कळीवर पडून काम तुटू नये म्हणून प्रयत्न चालू असताना कीबोर्डचं काहीही ऐकायचं नाही, अशी सोयही केली होती. इतका हट्टी प्रोग्राम मी पुन्हा कधी लिहिला नाही.

सरांनी फ्लॉपी स्वतःच्या हाताने आत घातली. पहिला एक तृतीयांश भाग सुरेख आला. पडद्यावर हिरवे चौकोन उमटत होते. सर माझ्या खांद्यामागे उभे होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग ड्राइव्हमधून आवाज आला, पाट्यावर काहीतरी वाटल्यासारखा. खर्र. खर्र.

"हा आवाज आमच्या वेळी नव्हता," सर म्हणाले.

"नवा पट्टा आहे सर. बसतोय."

खर्र. चौकोन लाल झाला. प्रोग्राम पुन्हा त्याच जागी गेला. पुन्हा गेला.

"थांबवायचं का?" हे उत्तरेकडचे प्राध्यापक.

"तो शेवटी वाचतोच," मी म्हटलं. मी हे हसून म्हटलं होतं, ते मला आठवतं.

"थांबवा," सर म्हणाले.

मी कळ दाबली. प्रोग्रामने ऐकलं नाही. दुसरी दाबली. त्याने तीही ऐकली नाही, कारण मी त्याला तसंच शिकवलं होतं. खर्र, खर्र, खर्र. शेवटी बाई टेबलाखाली वाकल्या आणि त्यांनी वायरच उपटली.

सरांनी फ्लॉपी बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. तपकिरी चकतीवर एक रुंद गोल पट्टा चमकत होता. तिथला तपकिरी थर गेला होता आणि आतलं प्लास्टिक काचेसारखं दिसत होतं. त्यातून पलीकडचा पाऊस दिसत होता. सरांनी खिशातून छोटी बॅटरी काढली, ड्राइव्हच्या तोंडात डोकावून पाहिलं, माझा चिमटा मागितला आणि आतून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने झिजून पांढरं.

"हे काय आहे?"

"तांदूळ," मी म्हटलं.

"तांदूळ," ते म्हणाले.

"शिजवलेला?" उत्तरेकडच्या प्राध्यापकांनी विचारलं. माणूस शास्त्रज्ञ होता.

"कच्चा."

"तुम्ही लॅबमध्ये जेवता?" बाईंचा आवाज बदलला होता.

मग मी सांगितलं. खंडेनवमी, वडिलांचा कारखाना, आईचा फोन, झेंडू, निरांजन कसं मुद्दाम लावलं नाही, सगळं. इंग्रजीत सांगताना ते इतकं विचित्र वाटत होतं की मी मध्येच थांबून पारदर्शक पट्टीकडे बोट दाखवलं, जणू ती माझ्या शहाणपणाचा दाखला होती.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे हा यंत्राच्या भल्यासाठी होता."

"हो."

त्यांनी फ्लॉपी डब्यात ठेवली. तांदळाचा दाणाही तिच्याशेजारी ठेवला आणि झाकण दाबून बसवलं. उत्तरेकडचे प्राध्यापक कोट चढवत म्हणाले, "मी आज काही पाहिलं नाही. म्हणजे माझं मत बदलायला मला कारण मिळालं नाही." ते दारापर्यंत गेले आणि थांबून सरांना म्हणाले, "तसंच ठेवायलाही मिळालं नाही. मला खरंच बघायचं होतं." सर पावसात सायकलवरून गेले. बशीतलं बिस्किट तिथेच राहिलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बायकोने एकदाही टोमणा मारला नाही, त्यावरून मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. आईला मी खरं सांगितलं नाही. तिने विचारलं, "काम झालं का?" मी म्हटलं, "पूजेचा परिणाम झाला."

जे वाचलं होतं ते मी उकलून बघितलं. भाषा होती, लिहायचा भाग होता, पडद्यावर दाखवायचा भाग होता. मधला, उलटं चालवणारा भाग नेमका त्या चमकत्या पट्ट्यावर होता. बाकीच्या भागांतून त्याला हाका मारलेल्या दिसत होत्या. ओ देणारं कोणी नव्हतं.

पण मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. हाका कुठून येतात ते दिसत होतं. रिकामी जागा किती मोठी आहे तेही दिसत होतं. त्या जागेत मावेल असा तुकडा आपणच लिहिला तर? दिवाळीत सगळे फटाके नसल्याची खंत करत असताना मी ते करत बसलो. लिहिलं, फसलं, परत लिहिलं. आणि एका दुपारी, माझ्या लॅपटॉपवर त्या जुन्या यंत्राची नक्कल चालू असताना, प्रोग्राम चुकला, थांबला आणि पायरी पायरीने मागे चालायला लागला. तेवढ्याशा जागेत. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला ओढत आणलं. ती चकल्यांचा सोऱ्या हातात घेऊनच बघत राहिली. "चालतंय की," ती म्हणाली. मला वाटलं, सरांचं सगळं परत मिळालं.

आम्ही फराळाचा डबा घेऊन सरांच्या घरी गेलो. ते एकटेच राहायचे. बायकोने चकली पुढे केली. त्यांनी एक घेऊन आधी तिच्याकडे नीट बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यात तांदूळ आहे?"

"आहे," बायको म्हणाली. "पण हा दळलेला आहे, सर. याच्यापासून धोका नाही."

त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले. मग मी लॅपटॉप उघडून दाखवलं. प्रोग्राम चुकला, थांबला, मागे चालला. सर खुर्चीत पुढे झुकून बघत राहिले. माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं. आता उजळेल, आता उजळेल.

"मधलं कोणी लिहिलं?"

"बाकी सगळं तुमचंच आहे, सर. फक्त मधलं..."

"मधलं कोणी लिहिलं?"

"मी."

"मग हे तुमचं झालं."

"पण त्या जागेत ते मावतं, हे तर सिद्ध झालं ना? म्हणजे तुमचंही चाललं असणार."

"असणार," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला. मी तो त्याआधी चढलेला ऐकला नव्हता, नंतरही नाही. "असणार हे मी स्वतःला रोज सांगत आलोय. त्यासाठी मला तुमची गरज नव्हती."

मला काही समजेना. विचारलं बायकोने. मी वर्षभर ज्या माणसासमोर नीट बसलोही नव्हतो, त्याला तिने चकलीचा डबा मांडीवर ठेवून सरळ विचारलं, "म्हणजे सर, तुम्हाला माहीत नाही?"

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग त्यांनी सांगितलं. मधला भाग त्यांनी लिहिला नव्हता, त्यांच्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्याने लिहिला होता. दाखवायच्या दिवसाच्या आधीपर्यंत तो चालत नव्हता. त्या सकाळी विद्यार्थी लाल डोळ्यांनी आला आणि म्हणाला, चालतंय, फक्त मी देतो तेच आकडे घाला, दुसरे घालू नका. पाहुणे जिन्यात आले होते. सरांनी विचारलं नाही, का. त्यांनी तेच आकडे घातले. प्रोग्राम उलटा चालला, टाळ्या पडल्या. पुढे तो लेख आल्यावर त्यांनी विद्यार्थ्याला पत्र लिहिलं. तो तोवर कॉम्प्युटर सोडून कालव्यातल्या बोटी दुरुस्त करायला लागला होता. त्याने कळवलं, मला वाटतं चालत होतं, नव्हतं का? आता तोही जिवंत नव्हता.

"लोकांना वाटायचं, मला त्या माणसाला दाखवायचंय," सर म्हणाले. "तसंही होतं. पण मलाही बघायचं होतं. दुसरे आकडे घालून."

मग त्यांनी कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला, उघडला, तांदळाचा तो दाणा बोटाने बाजूला सारला आणि पुन्हा झाकण लावलं. "त्या सगळ्या प्रकरणातली ही एकच गोष्ट अशी आहे, की जिच्याबद्दल कोणाचं दुमत नाही."

घरी परतताना कालव्याच्या कडेने आम्ही सायकली हातात धरून चालत होतो. वारा समोरचा होता. बायको म्हणाली, "तू त्यांना त्यांचं भूत परत द्यायला गेलास आणि आपलंच देऊन आलास."

बाईंच्या मते माझा तुकडा प्रबंधात घालायला काहीच हरकत नव्हती, मात्र तो कोणी लिहिला ते स्पष्ट सांगून. सरांनीही शेवटी होकार दिला, एका अटीवर: तो भाग उमेदवाराने लिहिला आहे, हे वाक्य तळटीपेत न जाता मजकुरात, तेही पहिल्या ओळीत आलं पाहिजे. "लोक तळटीपा वाचत नाहीत," ते म्हणाले, "मला अनुभव आहे." फ्लॉपी खराब होण्याचं कारण मात्र मी तळटीपेतच ढकललं. 'वनस्पतिजन्य बाह्य वस्तू', असं.

प्रबंधाची जाहीर परीक्षा तिकडे लग्नासारखी असते. सगळे झगे घालतात, पाहुणे खुर्च्यांवर बसतात, परीक्षक एकेक करून प्रश्न विचारतात, आणि ठरलेला वेळ संपला की काळ्या झग्यातली एक बाई काठी जमिनीवर आपटून लॅटिनमध्ये 'वेळ झाली' म्हणते. मग उमेदवार वाक्याच्या मध्ये असला तरी सुटला. ही पद्धत आपल्या विद्यापीठांत यायला हवी. सर पहिल्या रांगेत बसले होते. बायको त्यांच्या शेजारी.

उत्तरेकडच्या प्राध्यापकांनी आधी वनस्पतिजन्य वस्तू कोणती ते विचारलं. मी सांगितलं. सभागृह हसलं. मीही हसलो, इतकं तर मला येतंच. मग त्यांनी प्रबंध मिटला.

"तुम्ही लिहिलेला भाग त्या जागेत मावतो आणि चालतो. हे मी मान्य करतो. आता माझा प्रश्न. त्या दिवशी, माझ्यासमोर, त्यांचा चालला होता का? तुमचं मत काय?"

मला या प्रश्नाची कल्पना होती. उत्तर मी घरी आरशासमोर घोकून आलो होतो: हो, माझ्या मते चालला होता. वाचलेल्या भागांत त्याच्या हाका आहेत, जागा पुरेशी आहे, नाटक करायचं असतं तर इतक्या खटपटीची गरज नव्हती. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. माझ्या मूठभर अक्षतांनी त्या माणसाचं जे नेलं होतं, त्याच्या बदल्यात एवढं तरी द्यायला हवं, असं मी ठरवलं होतं. कोणी अडवणार नव्हतं. कदाचित समोरचे प्राध्यापकही तेच ऐकायला आले होते.

मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि जमिनीकडे बघत ते माझ्या उत्तराची वाट बघत होते, जसे ते ड्राइव्हच्या आवाजाकडे कान देऊन उभे होते तसे.

"माहीत नाही," मी म्हटलं. "आणि आता ते कोणालाच कळणार नाही. त्याला कारण मी आहे."

प्राध्यापक आणखी काही विचारणार होते, तेवढ्यात काठी आपटली.

नंतर खाली पेयपानाचा कार्यक्रम होता. तळलेले गोल गोळे फिरत होते. त्यात मांस आहे का, हे विचारून विचारूनच माझी डच भाषा सुधारली आहे. लोक अभिनंदन करत होते. मी गर्दीतून वाट काढत सरांना शोधलं, तेव्हा ते बाहेर सायकलचं कुलूप काढत होते. अंगात चांगला कोट होता, मागची झोळी रिकामी होती.

"उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले.

त्यांनी सायकल वळवली, एक पाय पेडलवर ठेवला आणि थांबले.

"मला दुसरं आवडलं असतं," ते म्हणाले, आणि गेले.